कोल्हापूर पद्धतीचा बंधारा : दाब, प्रवाह आणि बरगे

शाहूपुरीच्या गूळबाजाराचा इतिहास बहुधा व्यापाराच्या अंगानेच सांगितला जातो. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये ही पेठ वसविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु गुळासाठी ऊस हवा आणि उसाला उन्हाळ्यातही पाणी हवे. पंचगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात महापूर येतो आणि फाल्गुन-चैत्रात पात्र क्षीण होते. शाहूपुरीच्या भरभराटीचा विचार करताना पाण्याची ही बाजू वगळणे इष्ट नव्हे.

भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले. महाराजांच्या हयातीत (मृत्यू १९२२) ते पुरे होऊ शकले नाही व स्वातंत्र्योत्तर काळात तडीस गेले. या योजनेत नदी हाच कालवा ठरला. धरणातून सोडलेले पाणी पात्रातूनच वाहत येते, जागोजागी बंधाऱ्यांनी अडते आणि तेथून शेतकरी ते उपसून घेतात. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने पुढे महाराष्ट्रभर पसरलेली रचना ती हीच.

रचना साधी आहे. पात्रात थोड्या थोड्या अंतरावर दगडी खांब. खांबांना उभ्या खाचा. खाचांत एकावर एक आडवे बसविलेले लाकडी बरगे. बरग्यांच्या दोन रांगा आणि त्यांमध्ये ठासलेली माती. बंधाऱ्यामागे कित्येक कोस पाणी तुंबले असले, तरी बरग्याला त्या विस्ताराची तमा बाळगावी लागत नाही. स्थिर द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो, साठ्याच्या विस्तारावर नव्हे, हे सिमॉन स्टेव्हिन याने १५८६ मध्येच दाखविले होते. तीन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे तीन टन भार येतो. एक मीटर रुंदीच्या पट्ट्यावरील एकूण रेटा साडेचार टन. खोली दुप्पट केली की हा रेटा चौपट, म्हणजे अठरा टन होतो. लाकडी बरग्यांचा बंधारा बेताच्या उंचीचाच का राहिला, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

अडविलेल्या पातळीचे महत्त्व पंपामुळे वाढले. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. टॉरिचेलीच्या १६४३ च्या कल्पनेनुसार समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर, साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या कोल्हापुरात ती दहा मीटरच्याही आत येते आणि व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा धरवत नाही. खोल दरडींच्या नदीकाठी दोन-तीन मीटर चढलेले पाणी म्हणूनच लाखमोलाचे.

खरी कसोटी मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी लागते. पुराचे पाणी व गाळ मोकळा जावा म्हणून बरगे तत्पूर्वी काढलेच पाहिजेत. अन्यथा बंधाराच प्रवाहाला आडवा येतो. लाकूड पाण्यापेक्षा हलके, तेव्हा उत्प्लावनाने बरगा आपोआप वर यावयास हवा होता. तो येत नाही, कारण पाण्याचा रेटा त्याला खाचेच्या कडेशी दाबून धरतो आणि घर्षण त्यास अडविते. समजा, बरगा दोन मीटर लांब व वीस सेंटीमीटर उंच असून तीन मीटर पाण्याच्या तळाशी आहे. त्यावर एक टनाहून अधिक रेटा असतो. जो रेटा आठ महिने बरग्याला जागी ठेवतो, तोच वळवाचा किंवा मृगाचा पाऊस लवकर कोसळला म्हणजे त्याला हलू देत नाही. वरचे बरगे उचलून पातळी उतरविली, की खालचे सुटतात. पण नदी चढू लागल्यावर तेवढी उसंत मिळत नाही. शिवाय तीन मीटर पाण्याखालच्या फटीतून सुटणारा झोत सेकंदाला साडेसात मीटरांच्या घरात वेग घेतो आणि पायथ्याचा दगड उखडू पाहतो. पुढे अनेक ठिकाणी लाकडाऐवजी लोखंडी बरगे आले. ते कुजत नाहीत, एवढा लाभ खरा. पण रेटा तेवढाच राहिला आणि उचलण्याचे वजन वाढले.