चाकाचा कल आणि चाकाचा रोख

'चाकोरी' हा शब्द मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवला. मुलं अर्थ लिहीत, 'ठरावीक मार्ग, रूढ पद्धत'. त्यात चूक काही नाही, पण शब्दाचा जन्म तिथला नव्हे. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी रस्त्यावर पाडलेली खोल रेघ. आमच्या रिसोडकडच्या काळ्या मातीत ती पावसाळ्यात खोल खोल होत जायची आणि उन्हाळ्यात वाळून दगडासारखी टणक व्हायची. मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच दोन रेघांतून जायची. त्यामुळे एका भागातल्या गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर जवळपास सारखं ठेवावं लागे. एखाद्या गाडीचं चार बोटं कमी पडलं की एक चाक चाकोरीत आणि दुसरं काठावर. बैलांचा जीव जायचा आणि आरे खिळखिळे व्हायचे.

(रोमन रथांच्या चाकोऱ्यांवरून थेट रेल्वेची रुंदी ठरली, अशी एक गोष्ट नातेवाईकांच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येते. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका.)

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यंत्राचं मला काय कळणार? पण चाकाचा विषय डोक्यात शिरला तो एका टायरमुळे. ते पुढे सांगतो. आधी जुन्या गाड्यांकडे जाऊ.

लाकडी चाक करायला दोन कारागीर लागत. तुंबा, आरे आणि बाहेरचा लाकडी घेर सुताराचा. त्यावरची लोखंडी धाव लोहाराची. धाव मुद्दाम किंचित लहान घ्यायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसली की सगळे सांधे असे आवळले जात की खिळ्याची गरज उरत नसे. वऱ्हाडातला कापूस वर्षानुवर्षं अशाच चाकांवरून गेला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा निघाला. पण शेतापासून स्टेशनापर्यंत बैलगाडीच होती.

इंग्लंडातल्या गाडी-सुतारांनी चाकात आणखी एक गोष्ट केली होती. जॉर्ज स्टर्ट नावाच्या गृहस्थाने १९२३ साली 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक लिहिलं, त्यात ती फार सुरेख समजावली आहे. हा स्टर्ट आधी मास्तर होता बरं का! १८८४ साली वडील वारले आणि त्याने फार्नमचा घरचा कारखाना हाती घेतला. तिथली चाकं सपाट नसत, उथळ बशीसारखी असत. घोडा चालताना डावीकडे-उजवीकडे झुलतो, तसा गाडीतला भारही झुलतो आणि तुंब्याला बाहेरच्या बाजूला धक्के देतो. सपाट चाक या आडव्या धक्क्यांनी हळूहळू उलटं वळतं. बशीसारखं चाक टिकतं.

मात्र बशीचं चाक सरळ आसावर लावलं तर खालचा आरा तिरपा पडतो, आणि भार तर खालच्याच आऱ्यावर असतो. म्हणून आसाची टोकं जराशी खाली वाकवायची. खालचा आरा उभा झाला, पण चाकाचा माथा बाहेर झुकला. आता बाहेर झुकलेलं चाक आपल्या मनाने बाहेरच पळू पाहतं (वाटी आडवी करून जमिनीवर घरंगळवून बघा, ती गोलात फिरते). मग ती ओढ मारायला तीच टोकं किंचित पुढेही वाकवायची, म्हणजे दोन्ही चाकांचं तोंड थोडं आत वळतं.

आजच्या अलाइनमेंटच्या कागदावर 'कॅम्बर' आणि 'टो' असे शब्द छापलेले असतात. ते हेच. कॅम्बर म्हणजे चाकाचा कल, टो म्हणजे चाकाचा रोख. कल बदलला की रोखही पुन्हा जुळवावा लागतो, हे त्या सुतारांना मोटार जन्मायच्या आधीपासून माहीत होतं.

चार चाकी गाडी वळवण्याचा प्रश्न वेगळा. वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापायचं असतं, बाहेरच्याला मोठं. म्हणून आतलं जास्त वळलं पाहिजे. म्युनिकच्या लँकेन्स्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याने ही युक्ती काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ अ‍ॅकरमनने पेटंट घेतलं. जगात नाव झालं अ‍ॅकरमनचं. असं होतंच. मोटारी आल्या तेव्हा त्यांनी हे वळण घेतलं आणि गाडी-सुतारांचा बाहेरचा कलही घेतला. पुढे रस्ते सुधारले, वेग वाढले, टायर रुंद झाले, तसा तो कल कमी होत गेला.

आमच्या पिढीने प्रवास केला तो लाल एसटी, जीप आणि फियाटमधून. एसटीला आणि जुन्या जीपला पुढे अखंड लोखंडी आस आणि पाटे. तिथे पाटे बसले, गाडी दबली, तरी चाकाचा कल फारसा बदलत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली. फियाटचं तसं नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली ती गाडी, पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी स्प्रिंग. (मुंबईत तिची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून बंद झाली, तेव्हा मला उगाच हुरहुर लागली. मी त्या टॅक्सीत बसलो असेन मोजून दहा वेळा!) १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर; त्याची ही रचना सुटसुटीत आणि स्वस्त, म्हणून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तीच असते.

आता तो टायर. माझ्या पुतण्याच्या मुलाने गाडी 'लोअर' करून घेतली. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात स्प्रिंगा कापल्या, गाडी दोनेक इंच खाली बसली. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. काही महिन्यांनी पंक्चरसाठी चाक काढलं तर टायर बाहेरून नव्यासारखा आणि आतल्या कडेला तारा उघड्या! या टायरवर तो आपल्या आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन समृद्धी महामार्गाने नागपूरला जाऊन आला होता. उभ्या गाडीत वाकून पाहिलं तरी ती आतली कड नीट दिसत नाही.

आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला कागदावर रेघा काढून दाखवलं. गाडी खाली बसली की चाकाला धरणारा खालचा हात वर उचलला जातो आणि चाकाचा माथा आत झुकतो. म्हणजे इंग्रज सुताराच्या चाकाच्या बरोबर उलट. हे एक. दुसरं असं, की चाक वळवणारा टाय रॉड आणि हा खालचा हात दोघेही कमानीत फिरतात, पण त्यांच्या कमानी सारख्या नसतात. म्हणून उंची बदलली की टाय रॉड चाकाला थोडं ढकलतो किंवा ओढतो, आणि रोख बिघडतो. आत की बाहेर, हे त्या त्या गाडीच्या रचनेवर. लोक दोष देतात कलाला, कारण तो डोळ्यांना दिसतो. टायर जास्त खातो तो रोख.

हिशेब शाळेतलाच आहे. चाकाचा रोख १ अंशाने चुकला, तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासतं. १०० किलोमीटरला पावणेदोन किलोमीटर. रबराने तरी किती सोसावं?

जुने मिस्त्री हे दोऱ्याने करत. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणायचा, खडूने खूण करायची, पट्टीने पुढचं-मागचं अंतर मोजायचं. आता चाकांना फलक लावतात, समोरचे कॅमेरे ते बघतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे येतात. पण यंत्र मोजतं, दुरुस्ती माणूसच करतो. स्प्रिंगा कापल्यावर दोन-चार दिवस गाडी चालवून ती नीट बसू द्यायची, टाय रॉडचे सांधे आणि बुश तपासायचे, हवा सारखी करायची, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि मग मोजायचं. आधी कल, शेवटी रोख, कारण कल हलवला की रोख परत हलतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत कल बदलायची सोयच कंपनीने दिलेली नसते. त्यासाठी वेगळे बोल्ट लागतात. 'अलाइनमेंट झालं' म्हणणाऱ्याने फक्त रोख फिरवलेला असतो. म्हणून कागद मागा आणि आधीचे व नंतरचे, दोन्ही आकडे वाचा.

गाड्या खाली करण्याचं हे वेड आपलं नव्हे. कॅलिफोर्नियात ते इतकं वाढलं की पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे कायदा झाला, गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. लगेच १९५९ साली एकाने हायड्रॉलिक पंप बसवून बटणाने वरखाली होणारी गाडी केली! ते बंधन २०२४च्या जानेवारीपासून तिथे उठलं. आपल्याकडे उलट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. समृद्धीवर तर आरटीओने २०२३ साली टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

पोराने मूळ स्प्रिंगा परत बसवल्या, दोन टायर नवे घेतले आणि अलाइनमेंट करून कागद मला फोनवर पाठवला. त्यात मागच्या डाव्या चाकाचा आकडा अजून लाल आहे, हे मी त्याला कळवलं आहे.