वासोटा वनवाट

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यात, शिवसागर जलाशयाच्या पश्चिम काठावरून वासोटा (व्याघ्रगड) किल्ल्यावर जाणारी जंगलातील पायवाट. ती कोयना अभयारण्यात मोडते. साताऱ्याहून कास पठारमार्गे बामणोलीला गाडीरस्त्याने येता येते. तिथून पुढे वाट पाण्यातूनच आहे. लाँचने सुमारे दीड तासात मेट इंदवलीच्या काठाला उतरून चढायला लागायचे.

ही वाट मुळात रानवाट नव्हती, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची पहाऱ्याची चौकी. इंदवलीच्या नावात ती अजून जिवंत आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांत गावे होती, भातखाचरे होती, बाजाराला जाण्याचे पायरस्ते होते. कोयना धरणामुळे १९६० च्या दशकात खोऱ्यात पाणी चढले आणि हे रस्ते बुडाले. हजारो कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. काठावर उरलेल्या वाड्यांना तालुक्याचे गाव गाठायला होडी लागू लागली. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. मेट इंदवलीही उठली. जावळीचे रान शिवकाळापासून दाट म्हणून ख्यात असले, तरी आजचा इथला एकांत धरणाने आणि पुनर्वसनाने घडवला आहे. ज्यांची घरे इथे होती, त्यांचा उल्लेख वासोट्याच्या बहुतेक प्रवासवर्णनांत येत नाही. ही उणीव मोठी आहे.

काठावर वनखात्याची चौकी आहे. पिशव्यांतील प्लास्टिकच्या वस्तू तिथे मोजून नोंदवतात आणि परतताना पुन्हा मोजतात. या नियमामुळे वाट बरीच स्वच्छ राहिली आहे. पुढे ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. बाटल्या इथेच भरून घ्याव्यात, कारण नंतर उभी चढण आहे. सुरुवातीला झाडी इतकी गच्च की भर दुपारीही ऊन खाली पोचत नाही. अंजन, जांभूळ, हिरडा यांची सावली वर, मधल्या उतारांवर कारवी. शेकरू दिसण्याआधी बहुधा त्याचा आवाज येतो. गवा, अस्वल, सांबर, बिबट्या यांचाही इथे वावर आहे, म्हणून गटाने आणि गलका न करता चालावे. चढणीत एक फाटा नागेश्वराच्या गुहेकडे जातो, दुसरा गडावर. शेवटच्या टप्प्यात झाडी संपून उघड्यावर पायऱ्या लागतात. काठापासून माथ्यापर्यंत साधारण दोन ते अडीच तास पुरतात.

गडावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि वाड्याची जोती आहेत. खरे दृश्य मात्र कडांवरून आहे. दक्षिणेचा बाबूकडा घोड्याच्या नालेसारखा वळून थेट कोकणाच्या दरीत कोसळतो आणि त्याच्यापलीकडे जुना वासोटा हा शेजारचा डोंगर उभा ठाकतो. पेशवाईच्या अखेरच्या काळात ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध झुंजवला; १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावरून तोफा डागून तो घेतला. शिवकाळापासून इथे कैदी ठेवले जात. उत्तरेच्या टोकाजवळ काळकाईचे ठाणे आहे; तिथून चकदेव, रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ओळखता येतात.

नागेश्वराच्या गुहेत शिवपिंडीवर छतातून पाणी ठिबकत असते. महाशिवरात्रीला खेड तालुक्यातील चोरवण्याकडून भाविक घाट चढून येतात. घाटमाथ्याला कोकणाशी जोडणाऱ्या जुन्या पायवाटांपैकी ही वाट आजही पायांखाली आहे.

पावसाळ्यात अभयारण्याचा हा भाग पर्यटकांसाठी बंद असतो. एरवी परवाना काढूनच जाता येते. मुक्कामाला परवानगी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर जलाशय उतरू लागतो, लाँच अलीकडेच थांबते आणि भेगाळलेला गाळ तुडवत रानापर्यंत जावे लागते. उन्हाची ही जादा चाल धरून वेळ आखावा, कारण संध्याकाळच्या आत लाँचवर परतणे सक्तीचे आहे.