तेलाचा हात, लाखेचा हात

मंडळी, अलिबागेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे कान्होजी आंगरे आलेच. आम्हीही तेथूनच आरंभ करतो. फक्त तोफेपाशी न थांबता गलबताच्या फळीपाशी येतो. सागवान खाऱ्या पाण्यात टिकते ते त्याच्या अंगच्या तेलामुळे. तरीही उन्हापावसाने फळी उकलतेच, म्हणून होड्यांना माशाचे तेल आणि राळ चोपडण्याची आपल्या किनाऱ्यावरची वहिवाट जुनी आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. वाडियांचे नाव राहिले, आणि राहावेच. फळ्यांना तेल पाजणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

होडीचे तेल माडीवर चालत नाही. वासानेच घरधनी बाहेर पडेल. मग जुन्या वाड्याच्या माडीवरील सागवानी जमिनीला लावावयाचे काय? नारळाच्या तेलाला आपल्याकडे तोटा नाही, पण ते वाळत नाही. फळीवर चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि खालच्या लाकडाची शीर जशीच्या तशी दिसते. त्याचे भिजलेले बोळे मात्र ढीग करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात.

मग आले फ्रेंच पॉलिश. नाव फ्रेंच, पण माल आपल्याच रानातला! पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची ही लाख. तिच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली खास संस्था निघाली. लाख स्पिरिटात विरघळवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने गोल गोल फिरवीत हातावर हात चढवावयाचा. खुर्ची-कपाटाला याच्यासारखी झिलई नाही. पण आषाढात ओल्या पायाने कोणी माडी चढला की जमिनीवर पांढरे डाग उठतात. म्हणून जाणता कारागीर जमिनीला तेल-मेण देई आणि लाख फर्निचरपुरती ठेवी.

या स्पिरिटाने कारागिराला कायद्याच्या कक्षेतही नेले. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, आणि लोक फ्रेंच पॉलिशही पिऊ लागले. विकृत स्पिरिटापासून केलेल्या पदार्थांच्या कायद्यातील व्याख्येत लॅकर, फ्रेंच पॉलिश आणि व्हार्निश यांची नावेच घातलेली आहेत. ज्या बाटलीवर पोट भरावयाचे, तिच्याकडेच सरकार संशयाने पाहणार! पिणाऱ्यांच्या पापाचा वाटा पॉलिशवाल्याच्या पदरी आला, असे आम्हांस वाटते.

आता पॉलियुरेथेनचे राज्य आहे. ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली याचा पाया घातला. दोन डब्यांतले द्रव एकत्र करून जमिनीवर पसरले की काचेसारखा थर बसतो. पाणी त्याला बाधत नाही. ही सोय खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यातील एका डब्यात आयसोसायनेट असते, आणि ते श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. १९८४ साली भोपाळात सुटलेला वायू याच कुळातला, जरी रसायन वेगळे.

अलिबागेच्या आसपास मुंबईकरांचे बंगले उठले आहेत. अशा एका बंगल्यावर आमच्या संघटनेचे चार पॉलिशवाले काम करीत होते. थरावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, आणि तोंडाला रुमाल. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. तिघे खोकत होते. आम्ही ठेकेदाराकडे वाफ गाळणारे मुखवटे मागितले आणि खिडक्या उघडावयास लावल्या. तो म्हणाला, “अहो, पूर्वीचे लोक काय मुखवटे घालत होते?” आम्ही सांगितले, “पूर्वीचे लोक जवसाचे तेल लावीत होते!”

शेवटी मुखवटे आले. उघड्या खिडकीतून मात्र वाळूचे बारीक कण येऊन थरात रुतले. मालकाने त्याचे पैसे कापले, आणि ते कोणी सोसावयाचे यावर आमची ठेकेदाराशी अजून बोलणी चालू आहेत.