आर पडू द्या

पोखर्णी नृसिंह स्टेशनावर उतरताना तुमच्या पिशवीत तीन जिन्नस आहेत: वीतभर उंचीची जपानी मातीची शेगडी, तिच्यावरची जाळी आणि राखाडी कोळशाच्या सहा कांड्या. बिंचोतान. मित्राच्या शेतात हुरड्याबरोबर वांगी-मिरच्या भाजून जरा भाव खायचा, एवढाच बेत. अर्धी काडेपेटी संपते, कांडी पेटत नाही. कागदाचा धूर डोळ्यांत जातो. डोळे पुसून वर बघता, तर बांधावरचा विजेचा खांब गायब.

१९४७ सालचा पौष. मुलूख निजामाचा. तुमच्या खिशातून पडलेलं दहाचं नाणं एक पोरगं उलटसुलट करून परत देतं. त्याला हाली पैसा ठाऊक. परभणीत कृषी विद्यापीठ यायला अजून २५ वर्षं आहेत, 'परभणी मोती' या ज्वारीच्या वाणाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. ज्वारी मात्र डोक्याच्या वर गेलेली, काळ्या रानात चौफेर.

"पाव्हणं, उभे का राहिलाव? बसा की."

आगटीपाशी म्हातारा गोवऱ्या निवडतोय. थापलेल्या एकीकडे, रानगोवऱ्या दुसरीकडे. थापलेली भडकन पेटते, पण तिच्यात दम नसतो, असं त्याचं मत. गाईनं रानात टाकलेलं शेण जागच्या जागी उन्हानं वाळतं, ती रानगोवरी. ती सावकाश धुमसते नि धग धरून ठेवते. (भस्म करणारे वैद्यही हीच मागतात, वन्योपल म्हणून.) तुम्ही कणीस पुढे करता, तो हात धरतो. "जाळ बघू नगा. आर पडू द्या."

मग त्याची नजर कांड्यांवर जाते. दोन उचलून तो एकमेकींवर हाणतो. खण्ण! "लोखंड हाय का काय?"

लाकूडच, तुम्ही सांगता. जपानात कीशू प्रांतात, समुद्रकाठच्या डोंगरात, ओकच्या जातीतलं उबामे नावाचं झाड वाढतं. त्याचं लाकूड भट्टीत अनेक दिवस कोंडून जाळतात. शेवटी तोंड थोडं थोडं उघडून वारा आत घेतात, उष्णता हजार अंशांच्या वर जाते, आणि लालभडक कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीखाली दडपतात. म्हणून अंगावर ही पांढुरकी झाक. साधा काळा कोळसा भट्टीचं तोंड बंद करून आतच थंड करतात. तो लवकर पेटतो आणि लवकर संपतो. निवडताना कान वापरायचा. खणखणला तर घट्ट, भद्द वाजला तर मागे ठेवायचा.

म्हातारा कांडी थेट आरात खुपसायला जातो. या वेळी हात तुम्ही धरता: एकदम तापवली तर फुटून ठिणग्या उडतात. आधी कडेला, मग हळूहळू आत. त्याला पटतं. अर्धा तास कुणी काही बोलत नाही. तेवढ्यात कणसं फुफाट्यात जातात. आगीतून फुफाट्यात पडणं हे माणसाचं दुर्दैव; हुरड्याचं त्यातच भलं होतं. तळहातावर चोळलेले गरम, हिरवे, दुधाळ दाणे, वर फुंकर, लसणाची चटणी. पोळलेल्या तळव्याकडे तुम्ही बघतच नाही.

कांड्या आता टोकापासून टोकापर्यंत नारिंगी झाल्या आहेत. चिमट्यानं त्या शेगडीत मांडता, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ, म्हणजे वांगं सरकवता येतं. जाळ नाही, धूर जवळपास नाहीच. म्हातारा उपरण्याचं टोक हलवतो तसा रंग चढतो, थांबला की उतरतो. वांग्याची साल तडकते, देठाजवळ रस फसफसतो. मिरची काळी पडायच्या आत उचलावी लागते. एक हुकतेच.

गारठा वाढतो. "शेगडी खोपीत घेऊ," तो म्हणतो. तुम्ही ठाम नाही म्हणता. धूर दिसत नाही, पण याचाही विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, नि बंद जागेत निजलेला माणूस उठत नाही. तो पोराकडे बघतो आणि शेगडी उघड्यावरच ठेवतो.

आवरताना तुम्ही तांब्याकडे हात नेता.

"पाणी नगा!" म्हातारा आगटीतली राख ओंजळीनं आणतो, एकेक कांडी तिच्याखाली निजवतो. "उंद्या परत पेटंल." कीशूच्या भट्टीवाल्याचीही हीच रीत.

गंगाखेडकडून शिट्टी ऐकू येते. सहांतल्या चार कांड्या राखेतच राहतात.