याईराची वाट

याईराने आजारी लेकीसाठी प्रभूचे पाय धरले. पण वाटेत विलंब झाला आणि घरून तिच्या मृत्यूचा निरोप आला. मराठवाड्यातील आईबापांना ही वाट परिचित आहे. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या नांदेडला १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. तरीही २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस त्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. अनेकांना अत्यवस्थ स्थितीत आणले गेले, असे प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हा उशीर एकट्या आईबापांचा नव्हे. प्रभू याईराबरोबर घरापर्यंत चालत गेला. आमच्या धर्मग्रामातून अपरात्री अशा बापासोबत कोण निघेल, हे आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.