‘येस’ म्हणण्यापूर्वी...

विंडोज संगणकावर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना स्क्रीन अंधुक होऊन परवानगी विचारली जाते. ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ नावाची ही सोय २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे. ‘येस’वर क्लिक करताच त्या प्रोग्रॅमला संगणकाच्या प्रशासकाचे अधिकार मिळतात. म्हणून आधी प्रोग्रॅमचे व प्रकाशकाचे नाव वाचावे. पिवळी पट्टी व ‘अननोन पब्लिशर’ असे शब्द दिसल्यास निर्मात्याची खात्री झालेली नसते. फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घेतली आहे ना, हे तपासावे. डिजिटल स्वाक्षरीही केवळ निर्मात्याची ओळख पटवते, सॉफ्टवेअर निर्धोक असल्याची हमी देत नाही. आपण काहीच सुरू केलेले नसताना अशी विचारणा झाल्यास ‘नो’ म्हणावे. वारंवार येणाऱ्या प्रश्नाला कंटाळून ही सोय मात्र बंद करू नये.