विज्ञानाचे पहिले वर्ष : खामगावहून पाहताना

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बहुधा संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात करतात. मी रेल्वेपासून करतो. जलंब–खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा १८७० साली कापसासाठी सुरू झाला. पुढे त्याच गाडीने शिकणारी मुलेही जलंबला जाऊन नागपूर-मुंबईची वाट धरू लागली. नागपूरला व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स १९०६ पासून होते, अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज १९२३ पासून. खामगावचे गो. से. महाविद्यालय १९४७ चे.

त्या काळी अकरावी मॅट्रिकनंतर कॉलेजचे पहिले वर्ष येई, आणि भाषेचा धक्का नेमका तिथे बसे. शाळेत घनता, त्वरण, अपवर्तनांक असे मराठीत पाठ केलेले मूल एका उन्हाळ्यानंतर तेच सगळे इंग्रजीत लिहू लागे. जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली. गणिताची भीती कोणी फारशी सांगत नाही. सांगतात ती प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये इंग्रजी वाक्य कसे सुरू करावे याची.

हुशार मुलांना मूलभूत विज्ञानाकडे वळवण्याचा मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना. १९६३ मध्ये ती दिल्लीपुरती, दहा शिष्यवृत्त्यांची होती; १९६४ पासून देशभर, ३५०. लेखी परीक्षेत विज्ञानविषयक निबंध असे, सोबत स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे आणि मग मुलाखत. शिष्यवृत्ती डॉक्टरेटपर्यंत मिळे, पण फक्त मूलभूत विज्ञानासाठी. १९७६ मध्ये ती अट गेली. अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि सामाजिक शास्त्रेही आत आली. माझ्या मते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गाची प्रतिष्ठा उतरली त्यात या बदलाचाही वाटा आहे. शिष्यवृत्ती शेवटी साडेतीनशेच मुलांची, हे खरे. पण हुशार मुलाने भौतिकशास्त्र घ्यावे असे सरकार तोवर उघड म्हणत होते. त्याच सुमारास १०+२+३ आले. बारावीनंतर मेडिकल-इंजिनिअरिंगची यादी लागायची आणि उरलेले बी.एस्सी.ला, असा समज गावोगाव रुजला.

२००६ मध्ये पुण्यात आयसर सुरू झाली. तिथे पहिल्या वर्षी जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक हे चारही विषय सर्वांना. कल्पना उत्तम, पण निवड पहिल्या वर्षाआधीच, म्हणजे मूल गाव सोडणार हे ठरलेलेच. २००८ च्या ‘इन्स्पायर’ योजनेने मात्र बारावीच्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलाला वर्षाला ८०,००० रुपये देऊ केले, आणि ते गावच्या कॉलेजात मूलभूत विज्ञान शिकत राहूनही मिळू शकत. त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आता मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा शोधणे आले! म्हणजे उन्हाळ्यापुरते तरी गाव सुटलेच.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हवे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. निवड आता प्रवेशाआधी होत नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण सहांतले पहिले सत्र कोणते? मराठी शाळेतल्या अनेकांना भाषेचा धक्का आता अकरावीतच बसतो. नंतरची दोन वर्षे पर्यायी प्रश्नांवर खुणा करण्यात जातात, आणि सिद्धता ओळीने लिहिणे, ब्युरेट स्वतःच्या हाताने धरणे हे अनेकांच्या वाट्याला खऱ्या अर्थाने बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रातच येते. तेच गुण सहाव्या सत्राइतकेच मोजले जातात.